नावाचे कूळ

म्हापशाच्या बाजारपेठेतून किंवा फोंड्याच्या वरच्या बाजारातून आज सहज एक फेरी मारली, तरी एक पालट नजरेत भरल्यावाचून राहत नाही. ज्या गाळ्यांवर काल-परवापर्यंत मालकाच्या आडनावाची किंवा त्याच्या कुलदैवताच्या नावाची पाटी असे, तेथे आता मुंबई, पुणे, दिल्ली किंवा थेट अमेरिकेत जन्मलेल्या नावांच्या झगमगीत पाट्या लागल्या आहेत. चहा, पिझ्झा, औषधे, चष्मे, केशकर्तन, शिकवणीचे वर्ग, इतकेच काय, चिमुकल्यांच्या बालवाड्यादेखील अशा आणलेल्या नावांनी चालू लागल्या आहेत. पाटीवरचे नाव परमुलखातले असले, तरी गल्ल्यावर बसलेला माणूस बहुधा आपल्याच गावचा असतो. दुकान त्याने स्वतःच्या पैशाने उभारलेले असते, कर्ज त्याच्या नावावर असते आणि दुकान बुडाले तर बुडणारही तोच असतो. या व्यवहाराला 'फ्रँचायझी' म्हणतात. हा शब्द आता घराघरांतल्या बोलण्यात शिरला आहे. त्याचा अर्थ मात्र तितक्याच घरांना उमगला आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

एका व्यापारी व्यवहाराची उठाठेव अग्रलेखात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे, की या व्यवहारात घातला जाणारा पैसा कोठून येतो ते आधी पाहावे. निवृत्त शिक्षकाचा भविष्यनिर्वाह निधी, बोटीवर पंधरा वर्षे काढलेल्या माणसाची शिल्लक, आखातातून परतलेल्याची पुंजी, आईच्या अंगावरचे सोने आणि हे सारे अपुरे पडले तर राहते घर तारण ठेवून काढलेले कर्ज, हा त्याचा उगम आहे. पदवी घेऊन नोकरीसाठी अर्ज करता करता थकलेल्या मुलाला 'काहीतरी लावून देण्या'साठी घरातली वडील मंडळी आयुष्याची कमाई बाहेर काढतात. मोठ्या उद्योगपतीचा एक धंदा बुडाला तर दुसरा त्याला तारतो. या घरांना दुसरा धंदा नसतो. तेव्हा हा केवळ बाजाराचा प्रश्न उरत नाही, तो गोमंतकातल्या मध्यमवर्गाच्या स्थैर्याचा प्रश्न होतो.

फ्रँचायझी म्हणजे काय? सोप्या मराठीत सांगायचे तर नावाचा मक्ता. एखादी कंपनी आपले नाव, आपले चिन्ह, धंद्याची ठरीव रीत आणि त्या रीतीचे शिक्षण दुसऱ्याला ठरावीक मुदतीपुरते वापरायला देते. दुकानाचा रंग, पदार्थाची कृती, नोकरांचा पोशाख, मालाचा भाव, सारे कंपनी ठरवते. मोबदल्यात ती आरंभी एकरकमी प्रवेशशुल्क घेते, पुढे दरमहा विक्रीवर रॉयल्टी नावाची टक्केवारी घेते आणि पुष्कळदा जाहिरातनिधी म्हणून आणखी एक टक्केवारी कापून घेते. याशिवाय एक चौथी वाट असते, ती माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते. कच्चा माल कंपनीकडून किंवा कंपनीने नेमलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायचा, अशी अट असते आणि त्या मालाच्या भावात कंपनीचा नफा मिसळलेला असतो. पेट्रोल पंप किंवा गॅसची एजन्सी यांत कंपनीचा तयार माल विकून दलाली मिळते. येथे माल दुकानातच तयार होतो. विकत घेतलेली असते ती धंद्याची रीत आणि त्या रीतीला चिकटलेली कीर्ती.

मक्ता ही गोष्ट गोमंतकीयाला अपरिचित नाही. आमच्या माडावर चढणाऱ्या 'रेंदेरा'चे नावच मुळी मक्त्याच्या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आले आहे. काजूच्या बागा पावणीत घेणारी माणसे आजही गावोगाव आहेत. पण पावणीत बोली बोलणारा माणूस आधी बागेत जाऊन मोहोर पाहतो, झाडे मोजतो, गेल्या वर्षी त्या बागेत किती बी निघाली याची चौकशी करतो आणि मगच तोंड उघडतो. तोच माणूस मुलासाठी फ्रँचायझी घेताना मात्र गुळगुळीत कागदावरची चित्रे आणि हसतमुख प्रतिनिधीचे शब्द यांवर विसंबून पंधरा-वीस लाखांचा धनादेश लिहून देतो. नावाचा मोहोर डोळ्यांना दिसत नाही, तो हिशेबाच्या वहीत शोधावा लागतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

ही पद्धत आजकालची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत सिंगर शिवणयंत्रांच्या विक्रीचे हक्क गावोगावच्या लोकांना देण्याची जी रीत पडली, ती या पद्धतीची पूर्वज मानली जाते. तिचे आजचे रूप विसाव्या शतकातले आहे. मॅकडोनाल्ड आडनावाच्या दोघा भावांनी कॅलिफोर्नियात झटपट खाणे देण्याची एक शिस्तबद्ध रीत बसवली होती. रे क्रॉक नावाच्या फिरत्या विक्रेत्याने ती हेरली, १९५५ साली इलिनॉय राज्यात डेस प्लेन्स येथे त्याच नावाचे आपले उपाहारगृह उघडले आणि १९६१ साली २७ लाख डॉलर मोजून भावांचे सारे हक्क खरेदी केले. पुढची हकीगत बोधप्रद आहे. ज्या मूळ दुकानात ही रीत जन्मली, त्याच्या पाटीवरून भावांना स्वतःचे आडनाव उतरवून दुसरे नाव लावावे लागले, कारण नाव आता विकले गेले होते. जन्माने लाभलेल्या नावाची ही कथा, तर भाड्याने घेतलेल्या नावाविषयी किती गाफील राहायचे, याचा विचार वाचकांनीच करावा.

भारतात या कंपनीचे पहिले उपाहारगृह १९९६ साली उघडले. तथापि हा मार्ग केवळ परदेशी कंपन्यांचा आहे असे मानणे चुकीचे ठरेल. मुंबईच्या मालाड स्थानकाबाहेर २००१ साली सुरू झालेला 'जम्बो किंग' आणि २००४ साली कल्याणला आरंभ झालेला 'गोली' यांनी आपल्या साध्या वडापावालाही या रीतीत बसवले. 'अमूल'चे उदाहरण आणखी निराळे आहे. ही सहकारी संस्था आपल्या विक्रीकेंद्रांकडून रॉयल्टी घेत नाही. मालाच्या छापील किमतीवर दुकानदाराला दलाली मिळते, दुधाच्या पिशवीवर अगदी थोडी आणि आइस्क्रीमवर बरीच अधिक. तेव्हा फ्रँचायझी या एकाच शब्दाखाली भिन्न भिन्न व्यवहार वावरत असतात. कोणता व्यवहार आपल्यापुढे ठेवला आहे, हे आधी नीट ओळखले पाहिजे.

या पद्धतीत काहीच चांगले नाही, असे आमचे म्हणणे नाही. ज्या तरुणाने आयुष्यात कधी गल्ला पाहिला नाही, त्याला धंद्याची घडी बसलेली मिळते. माल कोठून आणावा, किती ठेवावा, नोकरांना कसे शिकवावे, हे चाचपडत शिकण्यात जी वर्षे आणि जो पैसा जातो, तो वाचू शकतो. ओळखीचे नाव पाहून गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून पायरी चढते. पर्यटकांच्या प्रदेशात तर याचे मोल अधिक, कारण अनोळखी गावात आलेला माणूस ओळखीच्या पाटीकडे वळतो. सचोटीने चालणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांच्या नावावर दोन-दोन दुकाने नीट चालवणारे गोमंतकीयही आहेत. आमचा आक्षेप आंधळेपणाने घेतलेल्या मक्त्याला आहे. तो आंधळेपणा कोठे असतो, हे एका हिशेबाने दाखवता येईल.

समजा, फोंड्यासारख्या गावात चहा-फराळाचे एक नामांकित दुकान घ्यायचे ठरले. पुढील आकडे कोणा एका कंपनीचे नाहीत, केवळ समजुतीसाठी आम्ही घेतले आहेत. माहितीपत्रक सांगते की १२ लाखांत दुकान उभे राहील: ४ लाख प्रवेशशुल्क आणि ८ लाख सजावट व यंत्रे. प्रत्यक्षात प्रवेशशुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे ७२ हजार, गाळ्याची अनामत दीड लाख आणि पहिला माल व किरकोळ खर्च १ लाख धरला, की दाराला तोरण लागेपर्यंतच १५ लाख २२ हजार संपतात. दुकान पायावर उभे राहीपर्यंत लागणारे खेळते भांडवल याखेरीज. यांपैकी १० लाख पाच वर्षांच्या मुदतीने ११ टक्के व्याजावर काढले, तर दरमहा हप्ता सुमारे २१ हजार ७०० रुपयांचा बसतो.

आता महिन्याचा जमाखर्च मांडू. करावेगळी रोजची विक्री १० हजार, म्हणजे महिन्याला ३ लाख. ऐकायला आकडा भरघोस आहे. त्यातून मालाचे ४५ टक्के म्हणजे १ लाख ३५ हजार जातात. भाडे ३० हजार, तिघा नोकरांचा पगार ४५ हजार, वीज-गॅस-पाणी १८ हजार, नासधूस व दुरुस्ती १० हजार. सहा टक्के रॉयल्टी १८ हजार आणि दोन टक्के जाहिरातनिधी ६ हजार. या दोन्हींवर १८ टक्के कर लागून त्यांचे २८ हजार ३२० होतात. येथे एक बारकावा आहे. साध्या उपाहारगृहांना गिऱ्हाइकाकडून ५ टक्केच कर घ्यावा लागतो, पण त्या सवलतीच्या बदल्यात स्वतः भरलेल्या कराची वजावट मिळत नाही; म्हणून रॉयल्टीवरचा कर हा दुकानदाराच्या खिशातूनच जातो. सारे वजा जाता उरतात ३३ हजार ६८०, आणि बँकेचा हप्ता भरल्यावर सुमारे १२ हजार. रोज चौदा तास दुकानात उभा राहणाऱ्या मालकाची ही मिळकत. त्याच्याच हाताखालच्या नोकराला १५ हजार मिळतात!

पण खरी कसोटी पुढेच आहे. आपल्याकडे जून उजाडला की बाजार ओला आणि ओस होतो. पावसाळ्यात विक्री पाचव्या हिश्श्याने उतरली, म्हणजे ३ लाखांची २ लाख ४० हजारांवर आली, तर काय होईल? भाडे उतरत नाही, पगार उतरत नाहीत, हप्ता तर नाहीच नाही. पुन्हा तोच हिशेब केला तर हप्ता भरताना दुकानदाराला सुमारे १५ हजार ४०० रुपये पदरचे घालावे लागतात. त्याच महिन्यात कंपनीचे काय होते? तिचे २४ हजार होते, त्यांचे १९ हजार २०० होतात. तिची मिळकत थोडी घटते, पण ती तोट्यात कधीच जात नाही. याचे कारण रॉयल्टी विक्रीवर असते, नफ्यावर नसते. या एका वाक्यात फ्रँचायझीचे सारे अर्थशास्त्र सामावले आहे आणि सही करण्यापूर्वी ज्याला हे एक वाक्य कळले, त्याचे निम्मे काम झाले. घरपोच खाणे पोचवणाऱ्या कंपन्यांचे प्रकरण याच जातीचे. त्या आपली दलाली कापून उरलेले पैसे देतात. रॉयल्टी मात्र पूर्ण बिलावर धरायची की हाती आलेल्या रकमेवर, हे करारात स्पष्ट नसले तर दुकानदाराला दोन्हीकडून कात्री लागते.

हिशेबानंतर करारनामा. तो बहुधा चाळीस-पन्नास पानांचा, इंग्रजीत आणि कंपनीच्या वकिलांनी कंपनीसाठी लिहिलेला असतो. त्यातली काही कलमे तरी वडीलधाऱ्यांनी मुलाला शेजारी बसवून वाचावीत. मक्त्याची मुदत किती, आणि गाळ्याच्या भाडेकराराची मुदत तिच्याशी जुळते काय? मक्ता पाच वर्षांचा आणि गाळा अकरा महिन्यांचा, अशी विषम जोडी आपल्याकडे सर्रास आढळते. गाळेमालकाने बाहेर काढले तर आठ लाखांची सजावट भिंतीलाच राहते. मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा हक्क आहे की ती कंपनीची मर्जी? नूतनीकरणाच्या वेळी दुकानाची सजावट पुन्हा नव्याने करण्याची सक्ती आहे काय? आपल्या दुकानापासून किती अंतरात कंपनी दुसरे दुकान देणार नाही, हे किलोमीटरात लिहिले आहे काय? चालकाचा मृत्यू झाला तर पत्नीला वा मुलाला दुकान पुढे चालवता येईल काय? तंटा झाल्यास लवाद कोठे बसणार? पेडण्याच्या वा काणकोणच्या दुकानदाराने दर तारखेला दिल्ली गाठायची असेल, तर न्याय मिळण्यापूर्वीच त्याची पुंजी प्रवासात संपेल. आणि हमी म्हणून कोरे धनादेश मागितले जात असतील तर शंभरदा विचार करावा. धनादेश न वटणे हा आपल्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे आणि आरोपीच्या पिंजऱ्यात कंपनी नव्हे, दुकानदार उभा राहतो.

दुसऱ्याच्या हक्कावर आपले कर्ज उभारण्यात केवढा धोका असतो, हे गोमंतकाला नव्याने शिकवायला नको. खाणपट्टा दुसऱ्याचा, ट्रक आपला आणि ट्रकवरचे कर्जही आपले, अशी स्थिती डिचोली, सांखळी, सावर्डे, केपे या भागांतल्या शेकडो घरांची होती. खाणी २०१२ साली थांबल्या आणि पुन्हा २०१८ साली थांबल्या, तेव्हा दारात उभे राहिलेले ट्रक आणि न थांबणारे हप्ते आपण पाहिले. ट्रकमालकाचा कष्टात काही कसूर नव्हता. ज्या हक्कावर त्याचे पोट अवलंबून होते, तो हक्कच त्याचा नव्हता.

आणि यात केवळ लहान माणूसच सापडतो असे नाही. उत्तर व पूर्व भारतात मॅकडोनाल्डची उपाहारगृहे विक्रम बक्षी यांच्याशी निम्म्या-निम्म्या भागीदारीत चालत होती. दोघांत बिनसले आणि २०१३ साली बक्षींना व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर करण्यात आले. ते कंपनी न्यायाधिकरणात गेले आणि जुलै २०१७ मध्ये त्यांना पद परत मिळाले. पण पुढच्याच महिन्यात मूळ कंपनीने १६९ उपाहारगृहांचा नावाचा करार रद्द केल्याचे जाहीर केले. अखेर २०१९ साली आपसांत तडजोड होऊन बक्षींचा हिस्सा मूळ कंपनीने घेतला आणि ते बाहेर पडले. याच काळात पश्चिम व दक्षिण भारतात तेच नाव दुसऱ्या भागीदाराच्या हाती सुरळीत चालू होते. नामांकित वकील दिमतीला असलेल्या निम्म्या भागीदाराचीही नावाचा करार मोडताच ही अवस्था झाली. कोरे धनादेश देऊन बसलेल्या दुकानदाराने यातून काय समजायचे ते समजावे.

मग कायदा काय करतो? खेदाची गोष्ट ही, की भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा आजही नाही. १८७२ चा करार कायदा, १९९९ चा व्यापारचिन्हांचा कायदा आणि असेच काही सर्वसाधारण कायदे यांवरच सारी भिस्त आहे. करार कायद्याच्या २७ व्या कलमाने माणसाच्या धंद्यावर बंधन घालणारी अट निरर्थक ठरते; म्हणून करार संपल्यावर तोच धंदा करू नये ही अट आपल्या न्यायालयांत सहसा टिकत नाही. पण करार चालू असताना असे बंधन घालता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोला यांच्या दाव्यात दिला आहे. खोट्या माहितीने फसवून करार केला असेल तर तो रद्द करून घेता येतो, परंतु ती माहिती खोटी होती हे सिद्ध करण्याचा भार फसलेल्यावरच पडतो. आणि गोड गोष्टी तर तोंडी सांगितलेल्या असतात.

इतर देशांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९७० साली यासाठी कायदा केला. मग १९७८ साली तेथील संघराज्याच्या व्यापार आयोगाने सर्व देशासाठी नियम घातला. त्यान्वये कंपनीने करारापूर्वी किमान १४ दिवस एक सविस्तर माहितीपुस्तिका देणे बंधनकारक आहे. कंपनीवर कोणते दावे चालू आहेत, एकूण खर्च किती येईल, गेल्या काही वर्षांत किती दुकाने उघडली व किती बंद पडली, एवढेच नव्हे तर जे दुकानदार सोडून गेले त्यांची नावे व पत्तेही त्या पुस्तिकेत द्यावे लागतात. चीनने २००७ सालच्या नियमांनी, ज्या कंपनीची स्वतःची किमान दोन दुकाने एक वर्षाहून अधिक काळ चाललेली आहेत तिलाच फ्रँचायझी देण्याची मुभा ठेवली. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून सक्तीची आचारसंहिता आहे आणि सही केल्यावरही ठरावीक दिवसांत माघार घेण्याची सवलत तेथे मिळते. यांपैकी कोणत्याही देशात व्यापार त्यामुळे थंडावला नाही.

गोमंतकाच्या इतिहासात याला एक जवळचे साम्य आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या घाम गाळणाऱ्या कुळाला एके काळी भाटकाच्या मर्जीवर जगावे लागे. १९६४ साली कूळ कायदा आला, १९७५ साली मुंडकाराला घरातून हुसकण्यापासून संरक्षण मिळाले आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. आज नावाच्या जमिनीवर एक नवे कूळ उभे राहत आहे. पैसा त्याचा, कष्ट त्याचे, तोटाही त्याचा. नाव तेवढे दुसऱ्याचे, आणि ते केव्हा काढून घ्यायचे हेही दुसऱ्याने ठरवायचे. हे साम्य फार ताणू नये, हे आम्ही जाणतो. जमीन कसणाऱ्या कुळापुढे दुसरी वाट नव्हती. नावाचे कूळ आपण होऊन सही करते. म्हणूनच त्याला मालकी द्या, असे आमचे मागणे नाही. सही करण्यापूर्वी त्याला सत्य कळावे, एवढेच मागणे आहे.

हे राज्य सरकारला अशक्य नाही. करार हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे आणि मोठ्या देशात एखाद्या राज्याने आधी पाऊल टाकावे, हे कॅलिफोर्नियाने दाखवले आहे. विधानसभेला कायदा करण्यास अवधी लागेल हे आम्ही समजू शकतो. पण आर्थिक विकास महामंडळ मुख्यमंत्री रोजगार योजनेतून तरुणांना कर्जे देते, आपल्या सहकारी बँका व पतसंस्था देतात. कर्जाचा अर्ज फ्रँचायझीसाठी असेल तर कंपनीकडून चालू व बंद दुकानांची लेखी यादी आणि खर्चाचा पूर्ण तपशील मागवल्याविना कर्ज मंजूर करू नये, एवढा नियम तरी त्यांना उद्याच करता येईल. यात कर्जदाराचे हित आहेच, बँकेचेही आहे.

निखळ फसवणुकीचा प्रकार याहून वेगळा. नामवंत कंपन्यांच्या नावाने खोटी संकेतस्थळे उघडून नोंदणीशुल्क उकळणाऱ्या टोळ्या देशभर आहेत. 'अमूल'च्या नावाने चाललेल्या अशा संकेतस्थळांविरुद्ध २०२० साली दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागावी लागली होती. दुसरा प्रकार अधिक साळसूद असतो: 'दुकान आम्हीच चालवू, तुम्ही फक्त पैसे घाला, दरमहा ठरलेला परतावा घरबसल्या घ्या.' दुकानाचा नफा आधी ठरलेला कसा असेल? असे आश्वासन मिळाले की हा धंदा नसून ठेव आहे असे समजावे, आणि अनियंत्रित ठेवींच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०१९ साली केला आहे, हे ध्यानी धरावे. दोन दिवसांत पैसे न भरल्यास तुमचा तालुका दुसऱ्याला देऊ, अशी घाई करणारी कंपनी दोन दिवसांनी भेटेलच, याची खात्री कोणी द्यावी?

मग सामान्य गृहस्थाने काय करावे? कंपनीने दाखवलेली दुकाने पाहावीत, पण त्याहून अगत्याने बंद पडलेल्या दुकानांच्या मालकांना शोधून काढावे. त्यांच्याशी अर्धा तास बोलल्याने जे कळेल ते दहा माहितीपत्रकांतून कळणार नाही. चालू दुकानासमोर शनिवार-रविवारी नव्हे, तर मंगळवारी दुपारी आणि भर पावसात बसून गिऱ्हाइके मोजावीत. नाव खरोखर त्या कंपनीच्या मालकीचे आहे की केवळ अर्ज केलेला आहे, हे व्यापारचिन्हांच्या सरकारी नोंदणीत कोणालाही पाहता येते. कंपनी खाजगी असली तरी तिचे वार्षिक हिशेब केंद्र सरकारच्या कंपनी खात्याकडे दाखल झालेले असतात आणि थोडे शुल्क भरून ते मिळतात. तिचे उत्पन्न चालू दुकानांच्या रॉयल्टीतून येते की नव्या लोकांच्या प्रवेशशुल्कातून, हे त्यांवरून हिशेबनीस सांगू शकेल. प्रवेशशुल्कावरच जगणारी कंपनी दुकाने विकते, चालवत नाही. प्रतिनिधीने तोंडी दिलेले प्रत्येक वचन करारात लिहून मागावे. नकार मिळाला तर त्या वचनाची किंमत तेथेच कळते. करार आपल्या वकिलाला दाखवावा, कंपनीच्या नव्हे. आणि राहते घर या व्यवहारात तारण ठेवू नये, हे आमचे कळकळीचे सांगणे आहे.

शेवटी एक विचार राहतोच. पाच वर्षांची मुदत संपली आणि मक्ता पुढे मिळाला नाही, तर दुकानदाराच्या हाती काय उरते? टेबले, खुर्च्या, जुनी झालेली यंत्रे आणि धंद्याचा अनुभव. पाच वर्षांत मिळवलेला लौकिक मात्र पाटीबरोबर निघून जातो. आपल्या आजोबांच्या पिढीने पणजीत, मडगावात छोट्या खाणावळी आणि भुसारी दुकाने काढली, तेव्हा त्यांच्यापाशी भांडवल नव्हते आणि कोणी शिकवणाराही नव्हता; पण वाढलेले नाव त्यांचे स्वतःचे होते आणि ते मुलांना वारसाहक्काने देता आले. ज्याला धंदा शिकायचा आहे त्याने दुसऱ्याच्या नावाखाली जरूर शिकावा; मात्र तो मक्ता आहे, मालकी नव्हे, ही खूणगाठ पहिल्या दिवशीच बांधावी, आणि मुदत संपण्यापूर्वी स्वतःच्या नावाची पाटी रंगवण्याइतके शहाणपण व शिल्लक गाठीशी जमवावी. सरकारने कायदा करावा, बँकांनी डोळे उघडे ठेवावेत, हे तर आम्ही म्हणतोच. तोवर सही करणारा हात आपल्याच घरातला आहे, आणि त्याला क्षणभर थांबवून कागद वाचायला लावणे हे घरातल्या वडिलांचे काम आहे.